कुठून आणलं?

परवा तालुक्याच्या एसटी स्टँडवर सुमन भेटली. हे तिचं खरं नाव नाही. तिला विचारून, तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे, आणि नाव बदलायलाही तिनेच सांगितलं. माझी जुनी विद्यार्थिनी. १९९६ साली दहावी झाली. अक्षर मोत्यासारखं होतं, शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची.

गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही बाकावर बसलो. तिने पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. मुलगा आयटीआय करून एमआयडीसीत लागला, हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. मी "छान गं" म्हटलं, पण माझ्या पोटात मात्र वीस-बावीस वर्षांपूर्वीचा एक दिवस ढवळत होता. त्या दिवसाबद्दल मी आजवर घरातही कुणाशी बोलले नव्हते. आता ७३ वर्षं झाली, आता नाही बोलायचं तर कधी?

तर झालं असं. सुमनचं लग्न १९९९ साली झालं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. २००२ मध्ये तिला दिवस गेले, तेव्हा जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. नवऱ्याने तपासणी करून घ्यायला साफ नकार दिला. सासूने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या पोरीनंच आणलं घरात." सुमन माहेरी आली. एका संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली, म्हणाली, "बाई, तुम्ही एकदा त्यांना समजावून सांगा. तुमचं ऐकतील."

आणि मी काय केलं? पाणी दिलं, बसवलं, आणि विचारलं, "अगं, पण हे कुठून आलं असेल?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि "येते बाई" म्हणून गेली. मी तिच्या सासरी गेले नाही. शाळेत परीक्षा होत्या, अमुक होतं, तमुक होतं... कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

आज मला लिहायचं आहे ते या प्रश्नाबद्दल. खेड्यात हा आजार निघाला की औषधाच्या आधी हा प्रश्न येतो. कुठून आणलं? कुणी आणलं? आणि उत्तर जवळजवळ नेहमी ठरलेलं असतं : ज्याची तपासणी आधी झाली, त्याने.

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या जावेची मुलगी घरी आली होती. ती पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. बोलता बोलता ती म्हणाली, "काकू, विषाणूचीसुद्धा वंशावळ काढता येते." मी बीएला मराठी घेतलेली बाई, मला काय कळणार? पण तिने असं उदाहरण दिलं की मी सरळ होऊन बसले. म्हणाली, "तुमच्या पोथ्यांसारखंच आहे ते."

आता पोथ्यांचं मला ठाऊक आहे! छापखाने नव्हते तेव्हा पोथी हाताने नकलून काढायची. नकलणारा एखादं अक्षर चुकायचा, एखादी ओळ गाळायचा. पुढचा माणूस ती चूक तशीच उतरवायचा आणि स्वतःची एक नवी भर घालायचा. म्हणून दोन पोथ्यांमध्ये नेमकी तीच चूक दिसली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात असं ठरवता येतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली ती अशीच. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं, आणि त्यासाठी १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. त्यातून उत्तरेकडच्या पोथ्यांची एक शाखा आणि दक्षिणेकडची दुसरी, असं झाड उभं राहिलं.

एचआयव्हीचं असंच. त्याची पोथी अगदी लहान, साधारण ९७०० अक्षरांची. माणसाची ३०० कोटी अक्षरांची असते. पण हा विषाणू शरीरात रोज अब्जावधी प्रती काढतो, आणि त्याच्या लेखनिकाला चुका तपासायची सवयच नाही. त्यामुळे एकाच माणसाच्या अंगातसुद्धा हळूहळू नाना पाठभेद तयार होतात. वेगवेगळ्या माणसांच्या विषाणूंमधले हे पाठभेद ताडून पाहिले की झाड उभं राहतं.

या झाडाचं मूळ आफ्रिकेत आहे. कॅमेरूनच्या आग्नेय भागातल्या चिंपांझींमधून हा विषाणू माणसात आला. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे जगभर पसरलेली मुख्य शाखा १९२० च्या सुमारास आजच्या किन्शासा शहरातून फुटली. तेव्हा तिथे बेल्जियमचं राज्य होतं, रेल्वे आणि खाणी नव्याने उभ्या राहत होत्या, आणि मजूर घरापासून लांब कामाला जात होते. या शाखेला पुढे ए, बी, सी, डी अशा फांद्या फुटल्या. अमेरिका-युरोपात गेली ती मुख्यतः 'बी'. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला आणि आपल्याकडे वाढली ती 'सी'. जगातल्या जवळजवळ निम्म्या बाधितांमध्ये आज हीच 'सी' आहे, आणि भारतात तर दहापैकी नऊंहून अधिक जणांमध्ये.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकलं ते पुढच्या गोष्टीने. भारतातली 'सी'ची फांदी पाहिली तर बहुतेक सगळ्या डहाळ्या एका किंवा मोजक्याच मुळांशी जाऊन मिळतात. आणि ते मूळ साधारण १९६०-७० च्या दशकातलं असावं असा अंदाज निघतो. पण आपल्या देशात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला कधी? १९८६ साली, चेन्नईला. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ते काम केलं. रक्ताचे नमुने होते देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे, आणि त्यातल्या अनेकजणी सरकारी सुधारगृहात होत्या. सहा नमुने बाधित निघाले. झालं! ह्या बायकांनीच देशात रोग आणला, असं लोक म्हणू लागले. विषाणू मात्र त्याआधी कितीतरी वर्षं इथे नांदत होता. नमुने त्यांचे घेतले गेले, म्हणून त्यांच्यात सापडला. गावोगावच्या पुरुषांचं रक्त त्या दिवशी कुणी तपासलं होतं?

सुमनच्या घरात जे झालं तेच देशाच्या पातळीवर आधी होऊन गेलं होतं. गरोदर बाईचं रक्त दवाखान्यात तपासतात, म्हणून घरात पहिला कागद तिच्या नावाचा येतो. लागण झाल्यावर आठ-दहा वर्षं माणूस ठणठणीत दिसू शकतो. तेव्हा पहिला कागद कुणाचा आला यावरून पहिली लागण कुणाला झाली हे मुळीच ठरत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती न कळल्यामुळे किती सुना घराबाहेर गेल्या असतील!

आणि हे त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही हो. करोनाच्या वेळी टीव्हीवर आपण ज्यांना रोज बघत होतो ते डॉ. रमण गंगाखेडकर, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच पुण्यातला एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के बाधित निघाल्या. त्यातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार होता, स्वतःचा नवरा. म्हणजे सुमन माझ्या दारात आली त्याच्या पाच वर्षं आधी हे छापून आलेलं होतं. मी शिक्षिका होते. मला माहीत असायला हवं होतं.

इथे मला आणखी एक कबुली द्यायची आहे. सुमनचा नवरा २००५ मध्ये गेला. तो अंथरुणाला खिळल्यावर गावाने सूर बदलला, आणि मीही बदलला. "त्यानेच आणलं, ट्रकवाले असतातच तसे," असं मी स्टाफरूममध्ये म्हटल्याचं मला आठवतं. सुमनची बाजू घेतली असं मला वाटलं होतं. पण प्रश्न तोच होता, मी फक्त आरोपी बदलला होता. हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढला, महिना महिना घरी येत नसे. कंबरेचं दुखणं झालं की हायवेवर मिळेल त्या डॉक्टरकडून सुई टोचून घ्यायचा. त्याला कधी, कशाने लागण झाली ते त्याला तरी ठाऊक होतं का?

आपल्या भागातून पोटासाठी माणसं बाहेर जातात ती काही आजची नाहीत. साताऱ्या-सांगलीकडची माणसं मुंबईला गोदीत, गिरणीत, माथाडीच्या कामाला गेली. बीडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला येतात, ती पट्टा पडेपर्यंत सहा सहा महिने कोपीत राहतात. पुणे-बंगळूर रस्ता तर आपल्या दारावरून जातो. शंभर वर्षांपूर्वी किन्शासाला जे झालं, घर एकीकडे आणि भाकरी दुसरीकडे, तेच इथे झालं. विषाणूने नवा रस्ता काही काढला नाही, आपण पोटासाठी जे रस्ते तुडवले त्यांवरूनच तो आला. मणिपूरकडे म्यानमारच्या बाजूने सुईने घ्यायच्या नशेबरोबर 'बी'ची एक फांदी आली आणि तिथे तिची 'सी'शी गाठ पडली. दोन पोथ्या समोर ठेवून लेखनिकाने थोडं हिच्यातलं, थोडं तिच्यातलं उतरवावं, तसे मिश्र विषाणू तिथे सापडतात. म्हणजे वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे जातीही मिसळतात.

आणि 'माणूस वाईट वागला म्हणून रोग झाला' असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांच्यासाठी कंबोडियातल्या रोका गावाची गोष्ट सांगते. बट्टाम्बांग प्रांतातलं हे खेडं. २०१४ च्या अखेरीला तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थाची तपासणी बाधित निघाली, मग घरातल्यांची, मग शेजाऱ्यांची. फेब्रुवारी २०१५ पर्यंत २४२ जण! त्यात लहान मुलं, आजीआजोबा, सगळे. आता या आजीबाईंना विचारायचं का, कुठून आणलं म्हणून? शास्त्रज्ञांनी विषाणूंचे पाठ ताडले तेव्हा बहुतेक सगळे एकमेकांच्या अगदी जवळचे निघाले, जणू एकाच पोथीच्या नुकत्याच काढलेल्या नकला. गावात परवाना नसलेला एक डॉक्टर होता, तो एकच सुई पुन्हा पुन्हा वापरत होता. त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातही २०१७-१८ मध्ये काही गावांत पुष्कळ बाधित एकदम सापडले, आणि तिथेही संशय सुईवरच गेला. आपल्या गावात अजूनही "सुई दिल्याबिगर बरं वाटत न्हाई" म्हणणारे किती आहेत, आठवून बघा.

कुणी म्हणेल, बाई, पण मग झाड काढून गुन्हेगार सापडतो की! रोकाला सापडलाच ना? थांबा. तिथे झाडाने एवढंच सांगितलं की साथ नुकतीच आणि एकाच झऱ्यातून पसरली. सुईचा माग माणसांच्या चौकशीतून लागला. नवरा आणि बायको यांचे विषाणू जवळचे निघाले, तर त्यावरून कुणी कुणाला दिला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मध्ये तिसरी प्रत असू शकते, जी आपल्या हाती कधी आलीच नाही. पोथ्यांवर काम करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, हरवलेल्या प्रती नेहमीच सापडलेल्यांपेक्षा जास्त असतात. म्हणून माझं मत असं आहे की ही विद्या साथीचा रस्ता शोधायला वापरावी, घरातला आरोपी शोधायला नव्हे. कोणत्या भागात सुईने पसरतो आहे, कोणत्या वाटेवर औषधं पोचत नाहीत, हे कळलं तर शेकडो लोक वाचतील. 'हिने की त्याने' हे कळून कोण वाचणार आहे?

"मग काहीच विचारायचं नाही का?" असं माझ्या भावाने मला फोनवर विचारलं. विचारायचं, जरूर विचारायचं. जोडीदाराची तपासणी झाली का? मुलांची झाली का? गोळ्या मिळतात का, एआरटी केंद्रापर्यंत जायला गाडी आहे का? हे प्रश्न नर्सबाई विचारतात, आणि ते विचारल्यानेच साथ आटोक्यात येते. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पूर्वी रक्तातल्या ठरावीक पेशी कमी होईपर्यंत थांबावं लागायचं, २०१७ पासून तपासणीत निघाल्याबरोबर गोळ्या सुरू करतात. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याच्या खाली गेला, की त्या माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हेही आता पक्कं ठरलेलं आहे.

पाठभेदांचा संबंध इथेही आहे बरं का. गोळ्या तीन औषधांच्या का असतात? नकलताना झालेल्या एखाद्या चुकीमुळे विषाणू एका औषधाला चकवू शकतो, पण तिन्हींना एकदम चकवणं त्याला फार अवघड जातं. गोळ्यांमध्ये खंड पडला, की त्याला नकला काढायला आणि चुकीचा फायदा उठवायला सवड मिळते. आता विचार करा, ऊसतोडीला गेलेल्या बाईला खंड का पडतो? मुकादम सुटी देत नाही, केंद्र लांब, आणि कोपीत शेजारणीला डबी दिसली तर ती विचारेल : कसल्या गोळ्या गं? कुठून आलं हे? म्हणजे आपला हा प्रश्न नुसता मन दुखवून थांबत नाही, तो गोळी चुकवतो. आणि चुकलेली गोळी विषाणूला नवा पाठ लिहू देते. मला वाटतं, हेच आपल्याला नीट उमगलेलं नाही.

२०२३ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची आहे. नव्या लागणी २०१० च्या मानाने चाळीस टक्क्यांहून जास्त कमी झाल्या, ही मोठीच गोष्ट. पण त्यामुळे लोकांना वाटतं की हा विषय संपला. २००९ साली लातूर जिल्ह्यातल्या एका गावात बाधित मुलं शाळेत येतात म्हणून पालकांनी आपली मुलं घरी ठेवली होती. २०१७ साली कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागूही झाला. शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करायचा नाही, आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याची बाधा कुणाला सांगायची नाही. कायदा चांगलाच आहे. पण माझ्या ओसरीवर त्या संध्याकाळी कुठला कायदा येणार होता? तिथे मीच होते.

असो. गाडीची वेळ झाली तशी मी हिंमत केली. म्हटलं, "सुमन, त्या दिवशी मी तुला विचारायला नको होतं ते विचारलं. आणि तुझ्या सासरी गेलेही नाही."

ती चिवड्याच्या पुडीला गाठ मारत होती. म्हणाली, "बाई, तवा समद्यांनीच विचारलं. तुम्ही पाणी तरी दिलं."

मग थोडं थांबून म्हणाली, "पण तुम्ही आला असता तर बरं झालं असतं."

२००७ पासून ती न चुकता गोळ्या घेते आहे. बाळंतपणाच्या वेळी आईला एक गोळी आणि बाळाला थेंब, एवढाच त्या काळचा उपचार होता. त्यावर तिचा मुलगा निरोगी निघाला. सासूबाईंना शेवटची दोन वर्षं तिनेच सांभाळलं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. ती स्वतः त्याबद्दल काही बोलली नाही.

आमच्या घरातली जी मुलंमुली हे वाचत असतील त्यांना एवढंच सांगते. उद्या कुणी तुमच्या दारात असं काही घेऊन आलं, तर कुठून आणलं हे विचारू नका. चप्पल घाला आणि तिच्याबरोबर जा.